कोऱ्या पानांवरच्या सह्या

जुलैत कॉलेज भरलं की पहिल्याच आठवड्यात गहिनीनाथ सरोदे एक काम उरकून टाकायचा. हिरव्या पुठ्ठ्याचं लांबलचक रजिस्टर वर्गात फिरवायचा अन् म्हणायचा, "आपापल्या नावापुढं सह्या करा. बाराही भेटींच्या पानांवर. पटापट. आपल्याच फायद्याचं हाय."

पानं कोरी असायची. वर नुसते रकाने छापलेले. भेटीची तारीख, चर्चेचा विषय, अडचण, दिलेलं मार्गदर्शन अन् शेवटी विद्यार्थ्याची सही. सही आधी व्हायची, भेट नंतर. बहुतेक वेळा भेट व्हायचीच नाही. पोरंही काही विचारत नसत. बसचा पास, शिष्यवृत्तीचा फॉर्म, हजेरीचा कागद, जिथं बोट दाखवाल तिथं सही करायची त्यांना सवय लागलेली.

गहिनीनाथ आमच्या गावचा. शेरडं राखता राखता पोरगं शिकलं, भूगोलात एम.ए. झालं, सेटची परीक्षा निघाली अन् जामखेडच्या अलीकडं फाट्यावरच्या कॉलेजात तासावर लागलं. तासावर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढीच नोकरी, अन् ती पण दर जूनला नव्यानं. यादीत नाव आलं तर सरोदे सर, नाही आलं तर गावातला गहिन्या. नऊ जून त्यानं असे काढले. सकाळी फाट्यावर चार तास, दुपारी तीस किलोमीटरवर दुसऱ्या कॉलेजात तीन. मधल्या वेळेत लिंबाखाली मोटारसायकल लावायची अन् उभ्या उभ्या भाकरी खायची.

त्यात हे मेंटॉरपण. प्रत्येक पोराला कॉलेजात एक हक्काचा माणूस पाहिजे, असं वरून आलं. पोराचं कुठं अडतंय, वर्गात का येत नाही, पुढं काय करणार, हे त्या माणसानं विचारायचं अन् वाट काढून द्यायची. कागदावर वाचली तर लई चांगली गोष्ट. पक्क्या नोकरीतल्या सरांनी वीस-वीस पोरं घेतली अन् हात झटकले. उरलेली बासष्ट गहिनीनाथच्या गळ्यात पडली.

पहिल्या वर्षी त्यानं ते खरंच केलं, हे सांगायला पाहिजे. एक पोरगं ऊसतोडीला गेलं म्हणून हा कारखान्याच्या तळावर जाऊन, झोपड्या-कोप्या हुडकत, त्याला परीक्षेपुरतं घेऊन आला. वर्षाच्या शेवटी प्राचार्यांनी एवढंच विचारलं, "भेटी किती झाल्या?" याची चार पानं भरलेली, शेजारच्या सरांची बारा. त्या सरांना शाल मिळाली. याला समज मिळाली. पुढच्या वर्षापासून यानं पण जुलैत सह्या घ्यायला सुरुवात केली. माणूस वाईट नव्हता. शहाणा झाला होता.

सावरदऱ्याची अफ्रीन पिंजारी तिसऱ्या वर्षाला होती. बाप कादरभाई टेम्पोवर कापूस पिंजायचं मशीन बसवून बाजार-बाजार फिरायचा, गाद्या भरून द्यायचा. फाट्यापर्यंत शिकायला आलेली त्या घरातली ही पहिलीच पोरगी. तिला बी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. कादरभाईनं मात्र सरळ हिशोब सांगितलेला. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, चौथं लागलं तर शिक्षण बंद. शिर्डीला तिच्या मावशीनं एक स्थळ बघून ठेवलेलं, ते थांबायला तयार होतं, पण किती थांबणार?

ऑगस्टच्या चोवीस तारखेला नदीला पाणी आलं अन् सावरदऱ्याचा सिमेंटच्या नळ्यांचा पूल मधोमध खचला. त्या रस्त्याची बसच बंद झाली. अफ्रीननं त्याच दिवशी फोन केला.

"सर, पूल गेला. गाडी गावात येत न्हाई."

"कोन बोलतंय?"

"अफ्रीन पिंजारी. तिसरं वर्ष. तुमच्याच गटात हाय मी."

"हां हां. मुरूम टाकून आठ दिवसांत करतेत बघ. तवर घरी वाच."

"हजेरी जाईल ना सर."

"मी हाय ना," गहिनीनाथ म्हणाला अन् गाडीला किक मारली. दुसऱ्या कॉलेजातला तास चुकत होता.

दोन दिवसांनी तिनं खचलेल्या पुलाचा फोटो मोबाईलवर पाठवला. यानं अंगठा पाठवला. मग ते सगळं खाली गेलं, वर दुसऱ्यांचे निरोप आले, अन् पूल काही आठ दिवसांत झाला नाही. सात आठवडे गेले. गावातली पोरं पाणी उतरल्यावर गुडघाभर पाण्यातून मोटारसायकली घालायची. अफ्रीनकडं मोटारसायकल नव्हती. बापाचा टेम्पो पण गावातच अडकून पडलेला.

सप्टेंबरच्या शेवटी कळलं, की महिना-दीड महिन्यात तपासणीची समिती येणार. रजिस्टरं भरा. एका रविवारी गहिनीनाथ ओट्यावर बसला अन् एका बैठकीत पाच भेटी उरकल्या. त्याची बायको आरती शेजारी ज्वारी निवडत होती. तिनं रजिस्टरात डोकावलं.

"एवढ्या सगळ्यांना भेटले तुमी?"

"भेटलो असं समजायचं."

"अन् कुनालाच अडचन न्हाई?"

"अडचन लिवली की ती सोडवल्याचा कागद जोडावा लागतो."

"एकदोघांना तरी लावा काहीतरी. इतकी निरोगी पोरं कुठं असतेत?"

मग यानं चौघांना इंग्रजीची भीती लावली. तिला कागद लागत नाही. बाकीच्यांना आलटून पालटून तेच, 'अभ्यासात प्रगती', 'ग्रंथालयाचा वापर वाढवावा', 'नियमित उपस्थित'. त्या वर्षी प्रवासाचा एक नवा रकाना वाढवलेला. अफ्रीनच्या ओळीत अठ्ठावीस ऑगस्टला अन् अकरा सप्टेंबरला यानं लिहिलं, 'नियमित उपस्थित. प्रवासाची अडचण नाही.' पुढं तिची जुलैतली सही होतीच. निळ्या शाईत, स्वच्छ, पूर्ण नावाची.

ऑक्टोबरात पूल झाला, अफ्रीन आली, अन् आल्या आल्या फळ्यावर नाव वाचलं. हजेरी एक्केचाळीस टक्के. पंच्याहत्तरच्या खाली असलेल्यांचा परीक्षेचा फॉर्म घेतला जाणार नाही. परीक्षा विभागाच्या पंकजाताईंनी तिला वाट सांगितली. गैरहजेरीला खरं कारण असलं अन् ते मेंटॉरला वेळेवर कळवलेलं असलं, तर माफी मिळते. मेंटॉरचं पत्र आण. फॉर्मची मुदत शनिवारी दोनपर्यंत.

गहिनीनाथनं लगेच पत्र दिलं. चोवीस ऑगस्टला फोन आला होता, पूल खचला होता, विद्यार्थिनी प्रामाणिक आहे, सगळं लिहिलं. शब्द पाळला म्हणून मनात जरा बरं पण वाटलं. समितीसाठी जमा केलेलं रजिस्टर त्याला आठवलंच नाही.

गुरुवारी प्राचार्यांनी बोलावलं. काकासाहेब म्हणजे जाड भिंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. समोरच्या खुर्चीत कादरभाई, मागं अफ्रीन उभी. टेबलावर एका बाजूला पत्र, एका बाजूला हिरवं रजिस्टर.

"सरोदे, हे पत्र तुमचं?"

"व्हय सर."

"अन् हे रजिस्टर?"

गहिनीनाथला तिथं कळलं. "तेबी माझंच," तो म्हणाला.

"पत्रात पोरगी चोवीस ऑगस्टपासून येऊ शकत न्हाई. रजिस्टरात अठ्ठावीसला ती तुमच्यासमोर बसलीय अन् प्रवासाची अडचन न्हाई म्हनून सही करून गेलीय. अकरा सप्टेंबरला परत. मी काय समजू?"

कादरभाईनं रजिस्टर आपल्याकडं ओढलं. वाचता येत होतं त्याला, पण सावकाश. बोट ठेवून त्यानं पोरीचं नाव काढलं.

"सही तुझीच हाय का गं?"

"व्हय अब्बा."

"मंग नदी काय पवून आल्ती?"

"जुलैत केल्ती. तवा पान कोरं हुतं."

"कोऱ्या पानावर?" कादरभाईनं मान वर केली. "तुझी आजी, बिबीजान, एक अक्षर येत न्हाई तिला. पर कोऱ्या कागदावर आंगठा उठवला न्हाई तिनं जन्मात. अन् तू बी.ए. करती."

अफ्रीननं गहिनीनाथकडं बघितलं पण नाही, अन् तेच त्याला जास्त लागलं.

"माझी पोर खोटी ठरत असंल तर ऱ्हाऊ द्या परीक्षा," कादरभाई उठला. "शिर्डीवाल्यांचा दोनदा फोन आलाय. मी घरी नेतो."

"शनिवारपर्यंत थांबा," काकासाहेब म्हणाले. बापलेक बाहेर गेल्यावर त्यांनी चष्मा काढला. "सरोदे, नुसत्या पत्रावर माफी दिली तर उद्या समिती विचारील, मंग रजिस्टरात हे काय? तुमचं एक खोटं निघालं की सगळ्यांची उघडतील. दुसरं रजिस्टर करा. बासष्ट नावं, सह्या, सगळं. त्यात पोरीची अडचन नीट लिवा. शनिवारी बारापर्यंत आना, मी माफी देतो. हे हिरवं मंग कुनाला दिसायचं न्हाई."

म्हणजे एक खरी ओळ लिहायची तर तिच्याभोवती आख्खं खोटं रजिस्टर पाहिजे. गहिनीनाथ बाहेर आला अन् दुकानातून निळ्या पुठ्ठ्याचं घेतलं. आठ वर्षांची सवय. त्यात काही वावगं पण वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी रकाने आखून तो वर्गात आला. पहिल्यांदा अफ्रीन.

"कर सह्या. आतापर्यंतच्या सहाही भेटींवर. मी भरतो मागनं."

"आदी लिवा सर."

"अगं तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"जुलैतबी तुमी हेच म्हनले हुते. आपल्याच फायद्याचं हाय." तिनं रजिस्टर परत सरकवलं. "आदी लिवा. मी वाचते. मंग करते."

गहिनीनाथचे कान तापले. पण वेळ नव्हता. त्यानं तिथंच उभ्यानं लिहिलं. पूल खचला, बस बंद, फोन केला, फोटो पाठवला. 'दिलेलं मार्गदर्शन' या रकान्यापाशी पेन अडलं.

"काय लिवू?"

"तुमी म्हनले, मी हाय ना."

त्यानं लिहिलं, 'काही नाही.' अफ्रीननं वाचलं अन् सही केली.

मागच्या बाकावरनं हनुमंत उठला. उंच, सहा फुटी पोरगं. "सर, माझंबी आदी लिवा."

"तुझं काय आता?"

"मला फळा दिसत न्हाई. उंच हाय म्हनून मागं बसवतेत, अन् मागनं काय दिसत न्हाई."

"मंग चष्मा घे की."

"चष्म्याचं हाय का ते ठाऊक न्हाई. डोळे कुनी तपासलेच न्हाईत."

मग रांगच लागली. एकाला भूगोल घ्यायचाच नव्हता. फॉर्म भरणाऱ्या दुकानदारानं चुकीचा विषय टाकला अन् हा दोन वर्षं नकाशे काढत बसला.

"दोन वर्षं काय झोपला हुता?" गहिनीनाथ खेकसला.

"इचारलं न्हाई ना कुनी."

एकीच्या घरात एकच मोबाईल, तो भावाच्या खिशात. कॉलेजचे सगळे निरोप भावाला कळायचे, तिला नाही. एक जण पास होत होता, पण पुढं काय करायचं असतं तेच त्याला ठाऊक नव्हतं. बी.ए. संपलं की आपोआप काहीतरी होतं अशी त्याची समजूत. गहिनीनाथ लिहीत होता अन् चिडत होता. पोरांवर, कॉलेजवर, रकान्यांवर. एकेकाला वीस-वीस मिनिटं. आठ वर्षांचं ऐकायचं राहिलेलं दीड दिवसात ऐकायचं म्हणजे डोकं फुटायची पाळी. दुपारचे तीनही तास बुडाले. दुसऱ्या कॉलेजातनं फोन आला, तो त्यानं कापला.

शनिवारी साडेअकराला एक्केचाळीस जण झाले. एकवीस पोरं आलीच नव्हती. तो निळं रजिस्टर घेऊन काकासाहेबांकडं गेला.

त्यांनी पानं चाळली. कपाळाला आठ्या. "हे काय? प्रत्येकाला अडचन? समितीला हे दाखवायचं? कॉलेज हाय का दवाखाना?"

"सांगितलं ते लिवलं सर."

"अन् हे एकवीस मोकळे?"

"आले न्हाईत."

"मंग करा की तुमीच सह्या. ही वरची अडचनींची पानंबी जरा सौम्य करा. बसा तिकडं कोपऱ्यात. अर्ध्या तासाचं काम हाय."

गहिनीनाथ कोपऱ्यात बसला. पेन उघडलं. त्याला चांगुलपणाचा झटका आला असं मी म्हणणार नाही. तोच म्हणतो, तसलं काही नव्हतं. पहिलं मोकळं नाव एका पोराचं होतं. तो पोरगा का येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं, अन् 'नियमित उपस्थित' लिहायला हात उचलेना. दोन दिवस पोरांनी डोक्यात एवढं भरलं होतं की तयार वाक्यं आठवत नव्हती. खिडकीतनं बाहेरचा बाक दिसत होता. अफ्रीन फॉर्म मांडीवर घेऊन बसलेली. कादरभाई टेम्पोला टेकून उभा. शनिवारचा बाजार सोडून आलेला.

त्यानं निळं रजिस्टर मिटलं अन् एका साध्या कागदावर लिहिलं, "हिरव्या रजिस्टरातील २८ ऑगस्ट व ११ सप्टेंबरच्या भेटी झालेल्या नाहीत. विद्यार्थ्यांच्या सह्या मी जुलैमध्ये कोऱ्या पानांवर घेतल्या. कु. अफ्रीन पिंजारी हिने पूल खचल्याचे मला त्याच दिवशी फोनवर कळवले होते. नोंद न करण्याची चूक माझी आहे." खाली सही केली. तारीख घातली, त्या दिवसाचीच.

प्राचार्यांकडं न जाता तो पंकजाताईंच्या टेबलाशी गेला.

"हे आवकला घ्या."

पंकजाताईंनी वाचलं. दारापर्यंत जाऊन बाहेर नजर टाकून आल्या. "सर, एकदा आवकचा शिक्का पडला की हे फाईलीतनं काढता येत न्हाई."

"ठाऊक हाय."

"जूनला यादी असती."

"तेबी ठाऊक हाय. मारा शिक्का."

त्यांनी शिक्का मारला, नंबर टाकला. मग न सांगता त्याची एक झेरॉक्स काढून अफ्रीनच्या फॉर्मला टाचली अन् फॉर्म स्वतः आत नेला. कागद दप्तरी लागलेला, पोरीला नाही म्हणायला आता कारण उरलं नव्हतं. नाही म्हटलं तर तोच कागद वर गेला असता. दीड वाजता फॉर्म सहीनिशी बाहेर आला. पेन इतकं दाबलेलं की सही मागच्या बाजूला उमटली होती.

"घे," पंकजाताई अफ्रीनला म्हणाल्या. "पावती सांभाळ."

गहिनीनाथ टेम्पोपाशी गेला. त्याला वाटलं, कादरभाई काहीतरी बरं बोलेल.

"सर, पूल पडला त्याच दिवशी हे लिवलं असतं," कादरभाई टेम्पोत चढत म्हणाला, "तर माझा आजचा बाजार बुडाला नसता."

"व्हय," गहिनीनाथ म्हणाला.

सोमवारी परिपत्रक निघालं. श्री. सरोदे यांना मेंटॉरच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे. बाकीचे सर हेवा करायला लागले. "सुटला लेका," म्हणाले. याची मात्र आग आग. नऊ वर्षं नको असलेलं काम गळ्यात होतं, अन् आता कुठं एक्केचाळीस जणांचं काय अडलंय ते कळलं तर काम काढून घेतलं. निळं रजिस्टर घेऊन तो नव्या मेंटॉरकडं गेला. "यातलं जरा बघा. एकाचा विषय बदलायला पाहिजे, मुदत जाईल." नव्या सरांनी हात पण लावला नाही. "माझ्याकडं नवं दिलंय. सह्या घ्यायच्यात अजून." तेव्हापासून ते निळं रजिस्टर गहिनीनाथच्या मोटारसायकलच्या पिशवीत आहे. विषय बदलायची मुदत गेली. हनुमंतला चष्मा लागला, तेवढं एक झालं, ते पण त्याचं त्यानं केलं.

अफ्रीन पाचव्या सत्राला पास झाली. शिर्डीचं स्थळ दुसरीकडं ठरलं.

मागच्या फेब्रुवारीत गहिनीनाथ दुपारच्या तासाला निघायच्या गडबडीत होता. गाडी चालू केलेली. अफ्रीन समोर येऊन उभी राहिली. हातात बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा कागद.

"सर, यात एक कळत न्हाई."

"मी मेंटॉर न्हाई आता तुझा. त्या सरांना विचार."

"त्यांनी काल सह्या घेतल्या. उरलेल्या सगळ्या भेटींच्या."

"मंग?"

"मी केली न्हाई. म्हनले, आदी लिवा. त्यांनी माझ्या नावापुढं लिवलं, भेटीस गैरहजर."

"अन् तू कुठं हुती?"

"समोरच."

गहिनीनाथनं कपाळाला हात लावला. चावी फिरवून गाडी बंद केली, स्टँडवर लावली, पिशवीतनं निळं रजिस्टर काढलं अन् सीटवर उघडलं. मागची पानं अजून कोरी होती.

"आज तारीख काय?"

तिनं सांगितली. त्यानं लिहिली. मग म्हणाला, "हं, बोल. काय कळत न्हाई?"

तो तास पण बुडाला. जूनची यादी अजून लागायची आहे.